उष्णतेला वाट द्या

प्रश्न : आमचं गाव शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. माझं बी.एस्सी. चालू आहे. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी मला वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. अभ्यास त्यावरच करते, आणि गल्लीतल्या लोकांचे पीक विम्याचे, शिष्यवृत्तीचे फॉर्मही त्यावरच भरून देते. मार्च उजाडला की दुपारी एक-दीडच्या सुमारास तो इतका तापतो की खालच्या बाजूला हात ठेववत नाही. पंखा घरघरायला लागतो, माऊस अडखळतो आणि मग पडदा एकदम काळा होतो. सकाळी तोच लॅपटॉप बरा चालतो. मैत्रीण म्हणते, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेव. चुलतभाऊ म्हणतो, टायरच्या दुकानातून हवा मारून आण. दुकानात सांगितलं, मदरबोर्ड जायला आला आहे, नवाच घ्या. नवा घेणं आत्ता शक्य नाही. नेमकं काय बिघडलं आहे, आणि घरी काय करता येईल?
– एक विद्यार्थिनी, शिरड शहापूर

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : 'सकाळी तोच लॅपटॉप बरा चालतो.' अर्धं निदान या एका वाक्यात झालं आहे. मदरबोर्ड जळाला असता, तर त्याने सकाळ-दुपार असा भेद केला नसता. ज्या यंत्राची तब्येत उन्हाच्या चढउताराबरोबर बदलते, त्याचा आजार बहुतेक वेळा उष्णतेच्या वाटेवर असतो. तेव्हा आधी धीर धरा. पत्रात एकाआड एक बरेच प्रश्न दडले आहेत, ते सुटे करून घेऊ.

लॅपटॉप तापतोच का?

लॅपटॉप भिंतीतून जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. तुमचा फॉर्म भरला गेला, फाईल साठवली गेली, तरी त्यासाठी खर्च झालेली वीज कुठे साठून राहत नाही. प्रोसेसरच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कळा असतात. त्या सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात, आणि दर वेळी थोडा विद्युतभार भरला जातो, रिता होतो. त्या येण्याजाण्यातच ऊब तयार होते. म्हणून तापणं हा लॅपटॉपचा दोष मानू नका. चालणाऱ्या माणसाला घाम यावा तसं ते आहे.

ही उष्णता केवढी, याचा अंदाज इस्त्रीवरून घ्या. १,००० वॅटच्या इस्त्रीचा तवा साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट आले. साध्या लॅपटॉपची चिप १५ वॅटच्या आसपास खाते, जोरात काम पडलं की काही वेळ त्याच्या दुप्पट-तिप्पटही. आणि हे सगळं नखाएवढ्या, एक-दीड चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने तुमच्या मांडीवरची चिप इस्त्रीपेक्षा जास्त उष्णता ओतत असते. ती क्षणाक्षणाला काढून नेली नाही, तर काही सेकंदांत चिप शंभर अंशांच्या घरात जाईल.

काढून नेण्याची व्यवस्था सुरेख असते. चिपवर तांब्याची एक पट्टी दाबून बसवलेली असते. पट्टी आणि चिप कितीही गुळगुळीत दिसल्या तरी त्यांच्यात बारीक फटी राहतात, आणि फटीत हवा असते. हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. तांबं तिच्या सुमारे पंधरा हजार पट चांगलं. म्हणून त्या फटी भरायला राखाडी रंगाची थर्मल पेस्ट लावतात. ती हवेच्या शे-दोनशे पट बरी. पट्टीपासून एक चपटी तांब्याची नळी निघते आणि लॅपटॉपच्या कडेला पातळ पत्र्यांच्या कंगव्यासारख्या जाळीपर्यंत जाते. जाळीशेजारी पंखा असतो. तो खालून गार हवा ओढतो आणि जाळीतून बाहेर फेकतो.

ती नळी भरीव नसते. तिच्या आत हवा काढून टाकून चमचाभरही नाही एवढं पाणी सोडलेलं असतं. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ धावत जाळीकडच्या टोकाला जाते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून दिव्यातल्या वातीसारखं झिरपत परत येतं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून थेंब गळतात, तोच हा खेळ. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,३०० ज्यूल उष्णता लागते. १५ वॅट वाहून न्यायला मिनिटाला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी पाण्याची वाफ पुरते. आजच्या रूपातली ही नळी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी घडवली. मुख्य विचार होता अंतराळयानांचा. आज ती तुमच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे, आणि पाण्याने ऊब उचलून नेण्याची तिची युक्ती तर तुमच्या घरातल्या माठाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

मग सकाळी चालतो आणि दुपारी बंद पडतो, असं का?

गरम वस्तू भोवतालच्या हवेला किती उष्णता देईल, हे त्या दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. फरक मोठा असेल तर उष्णता धावते, लहान असेल तर रांगते. न्यूटनचा हा नियम तुम्ही पदार्थविज्ञानात शिकलाच असाल. आता आपल्या हवेला तो लावून पाहू.

समजा, चिपला ९५ अंशांपर्यंत जायची मुभा आहे. जानेवारीच्या पहाटे खोलीत १२ अंश आहेत. फरक ८३ अंशांचा. मे महिन्याच्या दुपारी खोलीत ४३ आहेत. फरक ५२ चा. पंखा तोच, जाळी तीच, पण पहाटे जिथे १०० भाग उष्णता बाहेर जाऊ शकत होती, तिथे दुपारी फक्त ६३ भाग जातील. वर पत्र्याचं छप्पर असेल आणि खोली ४६ वर गेली, तर ५९. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचे, असं कंपन्या स्वतःच माहितीपत्रकात लिहितात. मराठवाड्यात मार्च ते जूनची दुपार बहुतेकदा त्या आकड्याच्या वर असते. म्हणजे सगळं ठाकठीक असतानाही दुपारी तुमच्या लॅपटॉपची झेप दोन तृतीयांशावर येते. त्यात वाट आधीच धुळीने अरुंद झालेली असेल, तर सकाळच्या थंडाव्यात जे झाकलं जातं ते दुपारी उघडं पडतं.

चिपच्या आत तापमान मोजणारा संवेदक असतो. नव्वदीच्या पुढे गेलं की चिप स्वतःहून वेग कमी करते. तुमचा माऊस अडखळतो तो इथे. तरीही तापमान चढत राहिलं, तर शंभराच्या आसपास ती यंत्रच बंद करते. तो काळा पडदा म्हणजे लॅपटॉपने स्वतःला वाचवलं, असं समजा. मात्र रोज रोज त्याला त्या टोकापर्यंत नेऊ नका.

धुळीचं काय?

पत्रात तुम्ही हळदीचा उल्लेख केला नव्हता, पण औंढा-वसमत रस्त्यावरच्या गावाला तो करावा लागत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो सगळा पट्टा तुमचाच. काढणी झाली की शिजवणं, वाळवणं, मग ढोलात घालून पॉलिश करणं. हे काम ऐन उन्हाळ्यात येतं. त्या दिवसांत हवेत पिवळी भुकटी तरंगते, दाराच्या चौकटीवर बसते, कपड्यांवर बसते. लॅपटॉपचा पंखा दर मिनिटाला हवा ओढत असतो, आणि हवेबरोबर तीही.

नुसती भुकटी जाळीतून बऱ्याच अंशी निघून जाते. पण गोधडीचे, सतरंजीचे, कापसाचे तंतू आधी जाळीच्या तोंडाशी आडवे अडकतात, आणि मग त्यांच्यावर भुकटी बसत जाते. वर्ष-दोन वर्षांत तिथे चक्क नमद्यासारखा पापुद्रा तयार होतो. तो बाहेरून दिसत नाही. तो पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत, आतल्या बाजूला असतो. बाहेरून झरोका लख्ख दिसतो आणि आत वाट बंद असते. तुमचा लॅपटॉप आधी कुणी वापरलेला होता, म्हणजे तो थर तुमच्याकडे येण्यापूर्वीच बसायला लागला असेल.

वाट नेमकी कुठे अडली, हे मला घरी कसं कळेल?

तीन साध्या चाचण्या करा आणि त्यांचे आकडे प्रयोगवहीत लिहितात तसे लिहून ठेवा. तापमान दाखवणारे 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यू मॉनिटर' असे मोफत प्रोग्रॅम मिळतात. ते त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्या.

पहिली चाचणी सकाळची. लॅपटॉप सुरू करा, काहीही उघडू नका, दहा मिनिटांनी चिपचं तापमान पाहा. ४० ते ५५ अंशांच्या दरम्यान असेल तर ठीक. काही काम नसताना, गार सकाळी ते ७० च्या वर असेल, तर आत काहीतरी अडलं आहे किंवा आत गुपचूप काम चालू आहे.

दुसरी चाचणी त्या गुपचूप कामाची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयूचा रकाना पाहा. तुम्ही काही करत नसताना तो ५-१० टक्क्यांच्या आत असायला हवा. ४०-५० वर अडून बसला असेल, तर कोणता प्रोग्रॅम खातो आहे ते तिथेच दिसेल. कधी तो अपडेटचा भाग असतो आणि अर्ध्या तासात संपतो. कधी चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला, तुमच्या विजेवर दुसऱ्याचं आभासी चलन कमावणारा प्रोग्रॅम असतो. तसा संशय आला तर व्हायरस तपासणी करा आणि ते फुकटात मिळालेलं सॉफ्टवेअर काढून टाका.

तिसरी चाचणी हाताची, आणि ती सगळ्यांत बोलकी. लॅपटॉप तापून पंखा जोरात फिरू लागला की हवा बाहेर येते त्या झरोक्यापुढे तळहात धरा.

हवा जोरात आणि चांगली गरम येत असेल, तर वाट मोकळी आहे. काम जास्त आहे किंवा खोली गरम आहे. पंखा ओरडतो आहे पण हवा जेमतेम लागते, तर जाळीत थर बसला आहे. हवा जोरात येते पण कोमटच आहे, आणि आकडा मात्र नव्वदीत आहे, तर उष्णता जाळीपर्यंत पोहोचतच नाही. चिपवरची पेस्ट वाळली आहे किंवा पट्टी सैल झाली आहे. पंख्यातून खरखर येते किंवा तो मधेच थांबतो, तर पंख्याचं बेअरिंग गेलं आहे. तुमचं पत्र वाचून माझा कौल जाळीतल्या थराकडे आहे, पण माझ्या कौलापेक्षा तुमच्या तळहातावर जास्त भरवसा ठेवा.

काही न खोलता, काही खर्च न करता काय करता येईल?

पहिलं काम आजच. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर, उशीवर ठेवणं बंद करा. हवा ओढायची तोंडं त्याच्या पोटाखाली असतात. मऊ अंथरुणात ती बुजतात. घरात जेवायला बसायचा लाकडी पाट असेलच. लॅपटॉप पाटावर ठेवा, आणि मागच्या दोन पायांखाली पाण्याच्या बाटलीचं एकेक बूच ठेवा. मागची बाजू सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उचलली की पोटाखाली हवा खेळते. फक्त ती बुचं झरोक्यांवर येऊ देऊ नका. मागे भिंत असेल तर वीतभर अंतर सोडा, नाहीतर बाहेर फेकलेली गरम हवा फिरून पुन्हा आत जाते.

दुसरं काम वेळेचं. जड कामं, म्हणजे व्हिडिओ, मोठ्या फाईली, अपडेट, पहाटे किंवा रात्री उरका. शेतकरी जसं उन्हाचं काम सकाळी आटोपतो, तसंच. दुपारी फॉर्म भरायचे असतील तर ब्राउझरची लागतील तेवढीच पानं उघडी ठेवा. हळदीचं पॉलिश चालू असेल त्या वेळी लॅपटॉप बंद करून कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. चालू लॅपटॉपवर मात्र कधीही कापड टाकू नका.

तिसरं काम एका आकड्याचं, आणि ते विनामूल्य औषधांतलं सगळ्यांत गुणकारी आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. तिथे चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज, मग प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, आणि शेवटी मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट. तिथे १०० असेल, त्या जागी ९९ लिहा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण बहुतेक लॅपटॉपांत १०० चा अर्थ 'गरज पडली की ठरलेल्या वेगाच्याही वर धाव' असा असतो, आणि ९९ लिहिलं की ती जादा धाव बंद होते.

त्याचा परिणाम एवढा मोठा का, हे तुम्हाला आवडेल. चिपची उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. उदाहरणादाखल वेग निम्मा केला आणि त्यामुळे व्होल्टेज तीन चतुर्थांशावर आलं, असं धरा. तीन चतुर्थांशाचा वर्ग नऊ-सोळांश, त्याचं निम्मं नऊ-बत्तीसांश. म्हणजे काम अर्ध्या वेगाने, पण उष्णता चौथाईहून थोडीच जास्त. फॉर्म भरायला, धडे वाचायला, निबंध लिहायला ती जादा धाव लागतच नाही. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो. तिथे सेटिंग्जमधल्या पॉवर मोडमध्ये जाऊन वीज वाचवणारा पर्याय निवडा.

फ्रिज, टायरची हवा, कुलर, कूलिंग पॅड : यांतलं काय चालेल?

फ्रिज अजिबात नाही. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जसे थेंब जमतात, तसे ते गार झालेल्या लॅपटॉपच्या आत जमतील, आणि तिथे ते पुसायला कुणी नसेल. बर्फाची पिशवी, ओला पंचा, हेही त्याच कारणासाठी वर्ज्य.

टायरच्या दुकानातली हवाही नको. त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, तेलाचा अंश असतो, आणि दाब एवढा असतो की पंख्याची नाजूक पाती त्या झोताने नको तेवढी गरगरून बेअरिंग बिघडू शकतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही आतल्या भागांना लावू नका. त्याच्या तोंडाशी स्थिर विद्युत तयार होते.

कुलर चालेल, पण रीतीने. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी असते, म्हणून कुलर खोली चांगली आठ-दहा अंशांनी उतरवतो. वर केलेल्या हिशेबात हे आठ-दहा अंश म्हणजे मोठी मदत आहे. ओलसर हवेने लॅपटॉप खराब होईल, ही भीती बरीचशी अनाठायी. चालू लॅपटॉप हवेपेक्षा गरम असतो, त्यामुळे त्याच्यावर दव धरत नाही. भीती आहे ती कुलरच्या तोंडातून उडणाऱ्या बारीक तुषारांची. म्हणून त्याच्या थेट झोतात बसू नका, बाजूला बसा. पाऊस सुरू झाला की हवेतच दमटपणा भरतो, तेव्हा कुलरचा हा गुण संपतो आणि साधा पंखाच बरा.

कूलिंग पॅड वाईट नाही, पण त्याला शेवटी ठेवा. जाळीत थर बसलेला असताना खालून कितीही पंखे लावले तरी हवा त्या थरापाशीच थांबते. आधी वाट मोकळी करा, मग गरज उरली तर पॅड घ्या. बहुतेकांना पाट आणि दोन बुचं पुरतात.

आतली सफाई मी करू का?

बाहेरच्या झरोक्यांपर्यंत जरूर करा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश झरोक्यांवरून फिरवा. कॅमेरा पुसायला वापरतात तो रबरी हवेचा फुगा असेल तर उत्तमच.

आतला थर काढायला मात्र तळ उघडावा लागतो. हात स्थिर असेल, छोट्या स्क्रूंची सवय असेल, तर हे काम अवघड नाही. तरी पहिल्या वेळी जाणकाराच्या शेजारी बसून करा. वसमतला किंवा हिंगोलीला दुरुस्तीचं काम करणारे कुशल तंत्रज्ञ मिळतील. जाताना इतक्या गोष्टी लक्षात ठेवा. समोर खोलायला सांगा. आधी बॅटरीची जोडणी सोडवली जाते ना, ते पाहा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवायला सांगा. पंखा सोडवून त्याच्या आणि जाळीच्या मधला थर काढला, हे डोळ्यांनी पाहा. नुसती वरून हवा मारली तर तो थर तिथेच राहतो. पेस्ट बदलायची असेल तर जुनी पूर्ण पुसून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून, नवी तांदळाच्या दाण्याएवढी लावावी. जास्त लावली तर फायदा वाढत नाही. पेस्ट हवेपेक्षा चांगली असली तरी तांब्यापुढे ती गरीबच. पट्टीचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो.

आणि निघण्यापूर्वी तिथेच लॅपटॉप सुरू करून तापमान पाहा. सफाईआधीचा आकडा तुमच्या वहीत आहेच. दोन आकड्यांतला फरक हीच कामाची पावती.

बॅटरीला या उष्णतेने काय होतं?

चिपला उष्णता सोसते, बॅटरीला सोसत नाही. लिथियम-आयन बॅटरी जितकी गरम आणि जितकी भरलेली, तितकी लवकर म्हातारी होते. दुपारभर चार्जर लावून १०० टक्क्यांवर ठेवलेला, पत्र्याखाली तापणारा लॅपटॉप म्हणजे तिच्यासाठी दोन्ही दुःखं एकत्र. अनेक लॅपटॉपांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते; ती शोधून लावा. चार्जरचा ठोकळाही गादीवर किंवा उशीखाली ठेवू नका, उघड्या फरशीवर ठेवा.

एक खूण मात्र कधीच टाळू नका. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, झाकण नीट मिटेनासं झालं, लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तिथे थांबा. लॅपटॉप बंद करा, चार्जिंग बंद करा, बॅटरी दाबू नका, टोचू नका, आणि तंत्रज्ञाकडून ती काढून घ्या. फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका; तिच्यातून आग लागू शकते.

मांडीवर घेऊन बसलं तर चालतं का?

थोडा वेळ चालतं, तासन्‌तास नाही. भाजेल इतकी नसलेली, पण रोजची ऊब त्वचेवर जाळीदार, तांबूस-तपकिरी डाग उठवते. शेकोटीशी, शेगडीशी रोज बसणाऱ्या माणसांच्या पायांवर तो डाग डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहिलेला आहे. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी मांडीवर लॅपटॉप घेऊन रोज खेळणाऱ्या १२ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर तोच डाग नोंदवला. पाटाचा हा दुसरा उपयोग : तो लॅपटॉपलाही जपतो आणि तुम्हालाही.

मग नवा घ्यायची वेळ कधी?

जाळी साफ झाली, पेस्ट बदलली, पंखा ठीक आहे, ९९ चा आकडा लावला आहे, सकाळी आकडे नीट येतात, आणि तरीही लॅपटॉप थंड हवेत बंद पडतो, तेव्हा दोष उष्णतेच्या पलीकडचा आहे. मग मदरबोर्डची तपासणी करून घ्या. त्याआधी नव्या लॅपटॉपसाठी कर्ज काढू नका. नवा आणला आणि त्याच गोधडीवर, त्याच हळदीच्या अंगणात वापरला, तर दोन वर्षांनी तोही दुपारी काळा पडेल.

उष्णतेशी ही झुंज फक्त आपल्यासारख्यांची नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये उभारलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकात पंख्यांवर भागत नाही, म्हणून चिपला भिडवलेल्या धातूच्या पट्ट्यांतून थंड द्रव फिरवतात. आणि तुमच्याच औंढा तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांत भुजांमध्ये शेकडो किलोवॅट लेसरप्रकाश खेळत असतो, आणि टोकाचे ४० किलो वजनाचे आरसे त्यातला दहा लाखांत एक भागही शोषत नाहीत. तरी तेवढ्या किंचित उबेने आरशाचा पृष्ठभाग मधोमध सूक्ष्म फुगतो आणि मोजमाप बिघडू लागतं. त्यावर तिथल्या शास्त्रज्ञांचा उपाय पाहण्यासारखा आहे : आरशाच्या कडेभोवती तापणारं कडं बसवून ते बाजूलाही मोजकी ऊब देतात आणि आरशाचा आकार सावरतात. ऊब किती, कुठे साठते आणि कुठून जाते, हे त्यांनी आधी मोजलं, म्हणून हा उपाय सुचला.

तुम्हीही तेच करा. वहीचं एक पान घ्या आणि रकाने आखा : तारीख, वेळ, खोलीचं तापमान, चिपचं तापमान, काय काम चालू होतं, त्या दिवशी काय बदल केला. पहिल्या दिवशी काहीच बदलू नका, फक्त मोजा. दुसऱ्या दिवशी पाट आणि बुचं. तिसऱ्या दिवशी ९९. मग आठवड्याच्या बाजारच्या दिवशी सफाई. दर दिवशी दुपारी दीड वाजता एक आकडा. आठवडाभराने ते पान वडिलांना दाखवा, आणि दुकानातही घेऊन जा. 'नवा घ्या' म्हणणाऱ्यापुढे ठेवायला तुमच्याकडे सात दुपारींचा हिशेब असेल.